अनुभव धागा: जीव लावलेली साय-फाय मालिका लेखकांनी नेमकी कुठे सोडून दिली?

माळ्यावरची_ट्रंक

परवा रात्री जेवत होतो, पोरगा (अकरावीत आहे) खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला बाबा तुम्ही 'हीरोज' बघितलीये का, काय भारी आहे, पहिला सीझन तीन रात्रीत संपवला. माझ्या हातातला घास हातातच राहिला. हो म्हणालो, बघितलीये. पुढे काय बोलावं ते सुचेना.

२००६-०७, इंजिनीअरिंगचं हॉस्टेल. साध्यासुध्या माणसांना अचानक अचाट शक्ती मिळतात अशी ती अमेरिकन मालिका. अमेरिकेत सोमवारी रात्री भाग लागायचा, आमच्याकडे मंगळवारी संध्याकाळपर्यंत कोणीतरी लॅनवर डीसी प्लस प्लसवर (हॉस्टेलच्या नेटवर्कवर फायली वाटायचं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि मग दोन कॉट जोडून नऊ जण एका पंधरा इंची मॉनिटरसमोर. टोकियोतल्या ऑफिसात बसून तो हिरो नाकामुरा घड्याळाचा सेकंदकाटा नुसत्या इच्छेने मागे ढकलतो ना, तेव्हा खोलीत जी आरोळी उठली होती ती वॉर्डनने खालच्या मजल्यावर ऐकली. भविष्य रंगवणाऱ्या आयझॅकची चित्रं, न्यूयॉर्कवरचा तो स्फोट, चीअरलीडरला वाचवा जग वाचवा. आम्ही मेसच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतं ते वाक्य.

मग सीझनचा शेवटचा भाग. पीटर, ज्याला दुसऱ्यांच्या शक्ती उचलता येतात, त्याच्याच अंगात स्फोट होणार, शहर वाचवायचं, तर त्याचा भाऊ नेथन उडत येतो आणि त्याला उचलून आकाशात घेऊन जातो. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, पण पीटरला स्वतःलाच उडता येतं ना? कोणी काही बोललं नाही. नंतर पहाटे तीनपर्यंत आम्ही कारणं शोधत बसलो, त्याचा ताबा सुटला असेल, एका वेळी एकच शक्ती वापरता येत असेल. आज कळतं की त्या रात्री लेखकांचं काम आम्ही करत होतो.

तरी ते माफ केलं. माझं खरं तुटलं ते दुसऱ्या सीझनला. पीटर स्मृती गेलेला, आयर्लंडमध्ये, तिथे कॅटलिन नावाची मुलगी त्याला आसरा देते, प्रेमात पडते. तो तिला घेऊन भविष्यात उडी मारतो, तिथे विषाणूने जवळजवळ सगळी माणसं मेलेली, आणि तिथे दोघांची ताटातूट होते. पीटर परत येतो. ती राहते तिकडेच. म्हटलं पुढच्या भागात आणतील. मग म्हटलं पुढच्या सीझनमध्ये आणतील. चार सीझन झाले, २०१० मध्ये मालिका बंद पडली, ती पोरगी अजून त्या मेलेल्या जगात उभी आहे. पुढच्या सीझनमध्ये कोणी तिचं नाव काढलं नाही.

तुमचा तो क्षण सांगा. कुठली मालिका, कुठला भाग, कोणाबरोबर बघत होतात. साय-फायच हवी, कारण मला वाटतं तिथे जास्त लागतं, आपण एका अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार होतो आणि तो विश्वास सांभाळायचं काम लेखकाचं असतं. आणि पोराला पुढे बघू देऊ का तेही सांगा.

चहा_साखर_कमी

पहिल्या सीझनवर थांबवा त्याला. हात जोडून सांगते.

घाटमाथा

थांबवू नका, अनुभव घेऊ द्या.

माझी 'फ्लॅशफॉरवर्ड'. २००९. अख्ख्या जगातली माणसं एकाच क्षणी १३७ सेकंद बेशुद्ध पडतात आणि त्या वेळात प्रत्येकाला २९ एप्रिल २०१० चा आपला तेवढाच तुकडा दिसतो. पहिला भाग आठवतोय का कोणाला, लॉस एंजेलिसच्या हायवेवर गाड्यांचा खच, रस्त्यातून उड्या मारत जाणारं कांगारू, आणि शेवटी ते स्टेडियमचं फुटेज, सगळं जग आडवं आणि एक माणूस काळ्या कोटात चालतोय. मी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीला, तीन रूममेट, आम्ही भिंतीवर कागद चिकटवून धागेदोरे लिहीत होतो, खरंच, लाल लोकरीने जोडलेले, घरमालक काका भाडं घ्यायला आले ते बघतच राहिले.

आणि एक भाग तर अफाट होता, तो एफबीआयचा माणूस, अॅल, त्याला दिसलेल्या भविष्यात त्याच्या हातून एका बाईचा अपघाती मृत्यू झालेला असतो, दोन मुलांची आई. तर तो काय करतो, इमारतीवरून उडी टाकतो. म्हणजे ते भविष्य आता घडूच शकत नाही. बाकी सगळ्यांना कळतं की दिसलं ते बदलता येतं. काय ताकदीचा विचार आहे हा! इथून पुढे मालिका कुठेही जाऊ शकली असती. आणि लेखकांनी काय केलं, तर पुढच्या भागापासून पुन्हा नवरा-बायकोचं भांडण, की तुला भविष्यात दुसरा पुरुष का दिसला. डिसेंबरात सुट्टी घेतली ती थेट मार्चात परत. मधे सूत्रं सांभाळणारी माणसंही बदलली. खरी २९ एप्रिल आली आणि गेली, मालिकेतली तारीख उजाडली २७ मे ला. आणि त्या भागात पुन्हा सगळे बेशुद्ध, नवीन कोडं, आणि बंद. बावीस भाग फक्त.

मूळ कादंबरीत ते भविष्य एकवीस वर्षांनंतरचं आहे म्हणे, मालिकेने सहा महिन्यांवर आणलं. कल्पना चांगली होती, प्रेक्षकाच्या कॅलेंडरशी जोडायची. पण कॅलेंडरशी जोडलं की मग वेळ पाळावी लागते.

कावेरी_चेन्नईकर

मोहिंदर!!! 'हीरोज'मधल्या मोहिंदरचं नाव कोणीच घेतलं नाही अजून?

मी लग्न होऊन चेन्नईला आले २००६ लाच, नवीन शहर, भाषा येत नाही, आणि अमेरिकन मालिकेत चेन्नईचा जेनेटिक्सचा प्राध्यापक नायकांपैकी एक! त्याचा आवाज सुरुवातीला आणि शेवटी. नवरा हसायचा की हे चेन्नई कुठलं, असं दिसत नाही इथे काही, पण मला चालत होतं. आमच्यासारखा माणूस आणि तो डॉक्टरही नाही, दुकानदारही नाही, टॅक्सी चालवतो पण वडिलांचं संशोधन पुढे न्यायला म्हणून. आणि तो जो विषाणू आहे ना वर लिहिलाय, त्याचं नाव शांती व्हायरस, मोहिंदरच्या मेलेल्या बहिणीचं नाव. किती मोठी जागा होती तिथे, एका भावाला आपल्या बहिणीचं नाव जगाला मारणाऱ्या रोगाला दिलेलं ऐकावं लागतं रोज.

त्याचं काय केलं? तिसऱ्या सीझनला स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतो आणि अंगावर खवले येतात, माणसं कोषात गुंडाळून ठेवतो. ज्या माणसाने सगळ्यांना सावध करायचं तोच. कशामुळे बदलला, त्याला काय वाटलं, काही नाही. मी त्या भागाला टीव्ही बंद करून भांडी घासायला गेले आणि परत कधी लावली नाही.

डबल_रोटी

डीसी प्लस प्लस!! काय आठवण काढलीत. आमच्या हॉस्टेलला ज्याच्याकडे ५०० जीबीची डिस्क होती त्याला ताक फुकट मिळायचं मेसमध्ये.

माळ्यावरची_ट्रंक

@डबल_रोटी कुठलं हॉस्टेल? माझ्याकडे ती डिस्क अजून आहे माळ्यावर, चालू होत नाही. टिकटिक आवाज येतो.

डबल_रोटी

कराड. टिकटिक येत असेल तर सारखी चालू करून बघू नका, हेड गेलेलं असतं, अजून ओरखडे पडतात. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आधी किंमत विचारा.

कृष्णाकाठ

माझं थोडं वेगळं आहे, चालेल का. 'लॉस्ट', विमान कोसळून माणसं एका गूढ बेटावर अडकतात ती.

मी सांगलीत, दादा ह्यूस्टनला. आई गेल्यानंतर आमच्यात बोलणं कमी झालं होतं, काय बोलायचं हेच कळत नसे. त्याने सांगितलं ही मालिका बघ. मग दर भागानंतर फोन. धुराचा राक्षस काय आहे, त्या बेटावर अस्वल कुठून आलं, ते आकडे ४ ८ १५ १६ २३ ४२ (मला अजून पाठ आहेत, गॅसचा नंबर पाठ नाही). अर्धा तास बेटावर बोलायचो मग आपोआप घरचं निघायचं.

चौथ्या सीझनला तो भाग आहे ना, डेस्मंड नावाच्या माणसाचं मन १९९६ आणि २००४ मध्ये हेलकावे खातं, आणि त्याला काहीतरी एक माणूस हवा असतो जो दोन्हीकडे आहे, नाहीतर तो मरणार. तर तो १९९६ मध्ये त्याच्या प्रेयसीचा, पेनीचा, फोन नंबर मागून घेतो आणि सांगतो आठ वर्षं नंबर बदलू नकोस, २००४ ला नाताळच्या आदल्या रात्री मी फोन करेन. आणि करतो. आणि ती उचलते. तो भाग संपला तेव्हा इकडे पहाटेचे पाच, मी दादाला फोन लावला आणि आम्ही दोघंही काही न बोलता बराच वेळ तसेच होतो.

शेवट मलाही पटला नाही. बायकांना त्या बेटावर बाळंतपण का जमत नाही, त्याचं धड उत्तर नाही दिलं, मी स्वतः तेव्हा पाचव्या महिन्यात होते, मला त्याचं उत्तर हवं होतं हो. वॉल्ट एवढा खास मुलगा म्हणून सांगितला आणि सोडून दिला. पण एका भागात ज्यांनी ते लिहिलं त्यांना लिहिता येत होतं, म्हणूनच बाकीच्याचं दुःख जास्त आहे.

पोस्टाचा_डबा

@कृष्णाकाठ 🙏🙏 काय लिहिलंय.

विदर्भ_एक्सप्रेस

लॉस्टवाल्यांना मी माफ करत नाही बाप्पा. सहा वर्षं. सहा वर्षं मी मित्राला समजावून सांगत होतो की अरे सगळं आधी ठरलेलं आहे, बघ तू शेवटी. नायकाच्या, जॅकच्या, गोंदणाचा भाग लागला तिसऱ्या सीझनला, थायलंडमध्ये फिरतो, गोंदवून घेतो, त्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. तेव्हा मित्र म्हणाला, यांच्याकडे सांगायला काही नाही राहिलं. बरोबर होता तो.

तळ्यातमळ्यात

त्या गोंदणाच्या भागाने चांगलंच केलं पण. तो इतका पडला की मालिकेच्या लोकांना चॅनलला दाखवता आलं, बघा शेवट ठरवून दिला नाहीत तर असं होणार. मे २००७ मध्ये जाहीर झालं की अजून तीन सीझन, ४८ भाग आणि २०१० ला संपणार. त्याच्यानंतरच तो डेस्मंडचा भाग आला ना. अंतर माहीत झालं की लिहिणारा नीट चालायला लागतो.

वॉल्टचं म्हणाल तर गोष्टीत शंभरेक दिवस चाललेत आणि तो पोरगा खरा भराभर उंच होत गेला. त्याला लेखक काय करणार. बाळंतपणाचं मात्र मान्य, ते उत्तर द्यायलाच पाहिजे होतं.

विदर्भ_एक्सप्रेस

लहान मुलगा घेतला म्हणजे तो वाढणार हे कळायला लेखक लागतो का? शेजारच्या काकू सांगतील.

सीन_नंबर_बारा

मी मालिका लिहिते, मराठी, रोजच्या. नाव गाव नको. साय-फाय नाही पण लिहिण्याच्या बाजूने सांगते कारण इथे सगळे लेखकांना धरताय (बरोबरच आहे).

अमेरिकेत जुन्या नेटवर्क पद्धतीत पहिला भाग, पायलट, त्यावर वर्षभर घासतात. दहा-दहा खर्डे. तो सगळा पैसा, सगळा विचार त्यात. म्हणून तुमचे कांगारू आणि सेकंदकाटे इतके सुंदर. मग चॅनल म्हणतं ठीक, तेरा भाग करा. चालली तर मागचे नऊ देऊ, म्हणजे बावीस. चालली तर अजून वर्ष. आता लेखकाने तेरा भागांची गोष्ट लिहायची, बावीस की एकशेवीस? लग्नाला किती पानं उठणार हे आचाऱ्याला सांगायचंच नाही, आणि पंगत बसल्यावर दर दहा मिनिटांनी येऊन म्हणायचं अजून पन्नास आलेत. तो आमटीत पाणी ओतणार नाही तर काय करणार.

आमच्याकडे तर अजून वाईट. आधी तयार करून ठेवलेल्या भागांची बँक नसते, सकाळी नऊला वन-लाइन (भागाचा थोडक्यात आराखडा) बदलते, दुपारी सीन लिहून फोनवर पाठवायचा, नटी मेकअपला बसलेली असते. एकदा एक पात्र मी आठ महिने बांधत आणलं होतं, एक बाई, तिचा निर्णय, सगळं त्या एका सीनकडे जात होतं. प्रेक्षकांचे आकडे पडले, ट्रॅक बदला म्हणाले. त्या बाईला चार दिवसांत खलनायिका केली. मी लिहिलं ते. माझ्या नावावर आहे. मला रस्त्यात एका आजीनी थांबवून विचारलं, तिला असं का केलंत हो? मी त्यांना काय सांगणार.

पण रहस्य मांडताना उत्तर माहीत नसणं याला मी पानांची सबब देणार नाही. साय-फायमध्ये तर नाहीच. घरगुती मालिकेत सासू का चिडली याचं कारण नंतर जोडता येतं, माणसं कशावरही चिडतात. पण वीज का गेली, लोक बेशुद्ध का पडले, याचं कारण पहिल्या भागाच्या आधी लिहून कपाटात ठेवायलाच पाहिजे. ते नसेल तर प्रत्येक भाग एक नवी उधारी.

चहा_साखर_कमी

@सीन_नंबर_बारा ती बाई कोण ते मला कळलंय असं वाटतंय 😢 मी पण तेव्हाच सोडली होती ती मालिका. तुमचा राग नव्हता.

सीन_नंबर_बारा

नाव नका लिहू इथे 🙏 पण बरं वाटलं.

टी_रेक्सची_आई

(डायनोसॉरवेडी मुलगी आहे, तेव्हा सहा वर्षांची होती म्हणून हे नाव)

'टेरा नोव्हा' २०११. वर्ष २१४९, पृथ्वीवर श्वास घेता येत नाही, आणि एक फट सापडते जिच्यातून साडेआठ कोटी वर्षं मागे जाता येतं, माणसं तिथे वस्ती करतात. स्पीलबर्ग निर्माते. माझ्या मुलीने दुधाचा पेला धरून पहिला भाग बघितला आणि तो पेला तसाच गार झाला. तिला वाटलं आता दर वेळी असंच.

दुसऱ्या भागापासून डायनोसॉर कमी आणि त्या मोठ्या मुलाची प्रेमप्रकरणं जास्त. साडेआठ कोटी वर्षं मागे येऊन हा बारमध्ये काम करतो आणि पहिल्या मैत्रिणीला इकडे आणायचं म्हणून वस्तीशी गद्दारी करतो. अहो बाहेर जंगल आहे! कोणीही माणूस पहिल्यांदाच तिथली माती, झाडं बघतोय, भूक, साथीचे रोग, आपण इथे काही बदललं तर काय होईल, किती प्रश्न आहेत. माझी मुलगी विचारायची आई ते गवत का दाखवतात, तेव्हा गवत एवढं नव्हतं ना? मी म्हटलं बाळा लक्ष नको देऊ. तिने दिलं.

तेरा भागात संपली. शेवटच्या भागात त्या काळात एका जुन्या जहाजाचं लाकडी शिल्प सापडतं, म्हणजे अजून एक फट आहे, दुसऱ्या काळातून. हीच गोष्ट दुसऱ्या भागात का नाही सांगितली? चांगला तुकडा शेवटाला राखून ठेवला आणि तोवर ताटावर कोणी उरलंच नाही.

मुलगी आता भूगर्भशास्त्र शिकतेय, मालिकेचं श्रेय नाही, पण सांगावंसं वाटलं.

पोस्टाचा_डबा

वा! कुठल्या कॉलेजला? माझ्या भाचीला पण त्यातच जायचंय, बारावीनंतर काय काय लागतं जरा सांगाल का.

टी_रेक्सची_आई

निरोप पाठवते तुम्हाला, इथे विषय भरकटेल. बीएस्सीलाच विषय घ्यायचा.

ठाणे_पश्चिम_४था_मजला

'अंडर द डोम'. २०२० च्या लॉकडाऊनला बघितली म्हणून जास्त राग.

एका छोट्या गावावर अदृश्य घुमट पडतो, पहिल्याच भागात गायीचे उभे दोन तुकडे, विमान हवेत आपटतं, कोणी आत नाही कोणी बाहेर नाही. आमच्या सोसायटीत तेव्हा काय चाललं होतं? दूध दोन पिशव्याच मिळतील म्हणून गेटवर भांडण, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या गोळ्या संपल्या तर आम्ही सहा मेडिकल पालथी घातली, कोण कोणाशी नीट वागतं, कोण कांदे साठवून ठेवतं, पंधरा दिवसात प्रत्येकाचा खरा चेहरा कळला. मी टीव्हीत तेच बघायला बसलो होतो. आणि टीव्हीतल्या लोकांना काय, गाड्या फिरताहेत, कपडे इस्त्रीचे, मधूनच एखाद्या भागात पाणी संपतं आणि त्याच भागात पाऊस पडून ते मिटतं. मग अंडं आलं, फुलपाखरं आली, गुलाबी तारे.

आणि दुसऱ्या सीझनला लोक शाळेच्या लॉकरमागच्या भुयारातून खाली उडी मारतात आणि थेट दुसऱ्या गावात, घुमटाबाहेर!! आणि काही जण परत आत येतात!! मग घुमट कशाला आहे? माझ्या बायकोने तिथे रिमोट उचलला आणि म्हणाली, हे बाहेर जाऊ शकतात, आपण जाऊ शकत नाही, बंद कर. केलं बंद.

चकलीचा_साचा

😂😂 वहिनींना नमस्कार सांगा.

आमच्या आईंचं सांगते (सासूबाई). त्यांना 'मॅनिफेस्ट' लावून दिली होती. विमान उडतं, तीन तासात उतरतं, पण जमिनीवर साडेपाच वर्षं उलटलेली. आईंना पहिले भाग प्रचंड आवडले, कारण त्यात एक जुळी बहीण मोठी झाली आणि भाऊ तेवढाच राहिला ना, त्यांना स्वतःची जुळी बहीण होती, लहानपणी गेली. त्या म्हणायच्या हे कोणीतरी नीट विचार करून लिहिलंय. मग ते 'कॉलिंग' वाढत गेलं, कानात आवाज येतो की हे कर ते कर. एक दिवस आई म्हणाल्या, अगं हा आवाज यांना गोष्ट अडली की येतो, गोष्ट चालू असली की येत नाही.

मी मास कम्युनिकेशन शिकले आहे, एवढं स्पष्ट मला कोणी शिकवलं नव्हतं.

कुकर झाला, नंतर लिहिते.

मास्तर_ग_म

भौतिकशास्त्र शिकवतो. मुलं विचारतात सर मालिकांत सायन्स चुकीचं दाखवतात. मला त्याचा त्रास होत नाही. काळात मागे जा, मनाने वस्तू हलवा, मी तुमच्याबरोबर आहे. फक्त एकदा नियम सांगितला की तो पाळा. 'हीरोज'मध्ये चीअरलीडर क्लेअरचं रक्त टोचून तिच्या वडिलांना जिवंत केलं, डोळ्यात गोळी लागलेल्या माणसाला. ठीक. पण मग यापुढे कोणाच्याही मरणाला मी का रडू? एक पिशवी रक्त फ्रीजमध्ये ठेवा. त्या एका सोयीच्या सीनने पुढचे सगळे मृत्यू फुकट गेले.

उलट 'द एक्स्पान्स' बघा. यान वेग वाढवतंय तोवर पायाखाली वजन, इंजिन बंद की तरंगले, अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून ब्रेक. हा नियम सहाही सीझन पाळला आणि त्यातूनच नाट्य काढलं, वेग फार जोरात वाढवला की माणसाचा जीव जातो. मूळ कादंबऱ्या लिहिणारे दोघं मालिकेच्या लेखनातही होते. मी वर्गात दाखवतो त्यातले तुकडे.

विदर्भ_एक्सप्रेस

मास्तर बरोबर. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पण घ्या. पहिला भाग काय होता बे, माणसांच्या पळणाऱ्या यानांवर दर ३३ मिनिटांनी यंत्रमानवांचा हल्ला, पाच दिवस कोणी झोपलं नाही, डोळे लाल, हात थरथरतात, यंत्रमानवांपेक्षा झोपच शत्रू. आणि सुरुवातीला पाटी यायची, यंत्रमानवांकडे एक योजना आहे. मी चार सीझन त्या योजनेची वाट बघितली. नव्हती योजना. स्टारबक, ती वैमानिक, मरते, परत येते, आणि शेवटच्या भागात बोलता बोलता गायब. तिच्याशी बोलणारा मागे वळून बघतो तर नाही. कोण होती ती? माझी आवडती होती ती.

हडसनपार

न्यू जर्सीहून. इथे नव्वदीत आलो तेव्हा 'बॅबिलॉन ५' ही अंतराळस्थानकावरची मालिका लागायची, कोणी बघितली असेल का माहीत नाही. सेट साधे, ग्राफिक्स आज बघवणार नाहीत. पण एका माणसाने, स्ट्रॅझिन्स्कीने, पाच वर्षांची गोष्ट आधी ठरवली होती आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. प्रत्येक मुख्य पात्रासाठी त्याने एक पळवाट ठेवली होती, म्हणजे नट सोडून गेला तरी गोष्ट कोसळणार नाही. पहिल्या वर्षानंतर खरंच नायक गेला. तेव्हा लोक चिडले, मीही. तो नट, मायकेल ओहेअर, २०१२ ला वारला आणि त्यानंतर लेखकाने सांगितलं की तो मानसिक आजाराशी झगडत होता, आणि हे गुपित लेखकाने त्याच्यासाठी इतकी वर्षं जपलं होतं. गोष्ट त्याच्यावाचूनही उभी राहिली कारण तिला जागा ठेवली होती.

अर्थात चौथ्या सीझनला बंद पडणार अशी भीती आली म्हणून त्याने सगळं त्यातच कोंबलं, आणि मग पाचवं वर्ष मिळालं तर सांगायला कमी उरलं. म्हणजे नीट योजना करणाऱ्यालाही चॅनलने सोडलं नाही. @सीन_नंबर_बारा तुमचा आचारी आठवला.

घाटमाथा

आपल्याकडचं काही नाही का? १९९८ ची 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमण, केतन मेहतांची. गुरूच्या चंद्रावरच्या तुरुंगातून बारा गुन्हेगार पळतात. मी चौथीत. अंगणात पाण्याच्या टाकीवर उभा राहून मी व्योम व्हायचो. तेव्हा काही कळत नव्हतं, आत्ता पुन्हा बघितली तर वाटलं एकेका गुन्हेगारामागे एकेक चांगली गोष्ट होती, प्रत्येकाला एक शक्ती, एक इतिहास, आणि तिथे न थांबता पुढच्या मारामारीकडे पळालेत. हिंदीत कोणी एवढं करून बघितलं याचा अभिमान आहेच. फक्त अजून एक-दोन खर्डे लिहायला पैसे द्यायला हवे होते कोणीतरी.

तळ्यातमळ्यात

@माळ्यावरची_ट्रंक, कॅटलिनचं एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २००७ ला लेखकांचा संप झाला ना, शंभर दिवस, तुमचा दुसरा सीझन २४ चा ११ भागांवर आला. मूळ बेत असा होता की तो विषाणू खरंच बाहेर पडणार आणि उरलेला सीझन त्यावर. संप दिसायला लागल्यावर शेवट पुन्हा शूट केला, पीटर विषाणूची कुपी हवेतच झेलतो, विषाणू पसरत नाही. म्हणजे ते भविष्यच पुसलं गेलं, आणि तिच्याकडे जायचा रस्ताही. डीव्हीडीवर जुना शेवट आहे. आणि मालिकेच्या कर्त्याने, टिम क्रिंगने, त्याच महिन्यात जाहीर माफी मागितली होती, संथ गेलं, चुकलं म्हणून.

माळ्यावरची_ट्रंक

हे मला माहीत नव्हतं. सतरा-अठरा वर्षं मला वाटत होतं ते तिला विसरले. रस्ता पुसला गेला हे कळल्यावर जरा बरं वाटलं, आणि तरीही एक सीन, एक वाक्य, पीटरने एकदा तिचं नाव घेऊन खिडकीबाहेर बघितलं असतं तरी चाललं असतं मला. त्याला कुठे विषाणू लागतो.

कृष्णाकाठ

हो ना. एक वाक्य.

चकलीचा_साचा

आले परत. आईंना हा धागा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या त्या आयर्लंडच्या मुलीला कोणीतरी परत आणा.

माळ्यावरची_ट्रंक

काल रात्रीचं. मी पोराला काही सांगितलं नव्हतं, तुमच्यात एकमत नव्हतं म्हणून गप्प बसलो. साडेअकराला दार उघडलं, मोबाइल हातात, हेडफोन गळ्यात. म्हणाला बाबा, आठवा भाग झाला. कॅटलिन कुठेय?

म्हटलं बस.

मग जी जुनी कारणं आम्ही नऊ जणांनी काढली होती ती सगळी मी त्याला सांगितली, संपाचं सांगितलं, कुपीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी असतो तर पीटरला तिच्याकडे असा परत पाठवला असता, आणि वहीच्या मागच्या पानावर काळाच्या दोन रेघा काढून मला दाखवायला लागला. दीड वाजला. सकाळी त्याचा क्लास होता.

डबल_रोटी

ते पान जपून ठेवा. आणि डिस्कचं काय झालं, दिली का?

माळ्यावरची_ट्रंक

दिली. सोमवारी सांगतो म्हणालाय.